विषारी की बिनविषारी? हरणटोळ घरात ठेवण्याचा माझा अनुभव

जुलै २०२४ मधल्या एका शनिवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आमच्या परसातल्या जास्वंदीवर मला हरणटोळ हा साप दिसला आणि पुढच्या दहा मिनिटांत माझ्या हातून कायदा मोडला गेला. त्या वेळी मला त्याची कल्पनाही नव्हती. सिंधुदुर्गातल्या एका गावात मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. साप दिसला की मारू नका, हे मुलांना सांगण्यात माझी अठरा वर्षे गेली आहेत. हरणटोळ निमविषारी असतो. त्याचे विषदंत जबड्यात मागच्या बाजूला असतात आणि विष पाली, सरडे, बेडूक यांना लुळे करण्यापुरते असते. नाग किंवा घोणस घरात ठेवणे हा गुन्हा आहे, हे मला माहीत होते. पण ज्याच्यापासून माणसाच्या जिवाला धोका नाही अशा सापाच्या बाबतीत कोण कशाला विचारणार, अशी माझी पक्की समजूत होती. माशांची जुनी काचेची पेटी रिकामीच पडली होती. तीत पेरूची फांदी उभी केली, वर बारीक जाळी बांधली आणि साप आत सोडला. सोमवारी तो वर्गात न्यायचा आणि पुढे घरीच ठेवायचा, असा बेत होता.

सोडताना त्याने माझ्या उजव्या हाताची तर्जनी धरली. नाग डसून मोकळा होतो. हा मात्र बोट धरून ठेवून चघळत राहिला, कारण मागचे दात रुतवायला त्याला तेवढा वेळ लागतो. अर्ध्या तासात बोट पेरापर्यंत सुजले आणि मुंग्या आल्या. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन दोन तास बसवून ठेवले. सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते, हरणटोळासाठी तिचा उपयोग नाही आणि इथे तिची गरजही नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज उतरली.

रविवारचा दिवस मी जवळजवळ पेटीसमोरच घालवला. हरणटोळाच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, किल्लीच्या भोकासारखी. मी जवळ गेलो की तो वाऱ्याने डहाळी हलावी तसा अंगाचा पुढचा भाग पुढे-मागे झुलवी, आणि फार जवळ गेलो की गळा फुगवी. मग हिरव्या खवल्यांमधली काळी-पांढरी नक्षी एकदम उघडी पडे. समोर टाकलेल्या पालीकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. आई ओटीवर यायला तयार नव्हती. हरणटोळ टाळू फोडतो, हे तिने लहानपणापासून ऐकलेले, आणि माझे विज्ञान तिच्या डोक्यावरचा पदर खाली आणू शकले नाही.

प्रश्न विचारला तो शेजारच्या नववीतल्या मुलीने. "सर, पोपट पाळायला बंदी आहे ना? मग साप कसा चालतो?" मला उत्तर देता आले नाही. संध्याकाळी वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन केला. साप किती विषारी आहे, हे पलीकडून कोणी विचारलेच नाही. विचारले ते एवढेच, की कधी पकडला, कुठे पकडला आणि आता कुठे ठेवला आहे.

सोमवारी सकाळी वनपरिक्षेत्र कार्यालयात गेलो तेव्हा साप उशीच्या अभ्र्यात होता, अभ्रा भोके पाडलेल्या बादलीत आणि बादली माझ्या मांडीवर. तिथल्या वनपालांनी शांतपणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची प्रत पुढे ठेवली. कलम ९ शिकारीला बंदी घालते, आणि शिकारीच्या व्याख्येत ठार मारण्याबरोबर पकडणेही येते, म्हणजे जास्वंदीवरून साप उतरवला तिथेच प्रकरण सुरू झाले होते. कलम ३९ प्रमाणे असा बंदिस्त ठेवलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता ठरतो, आणि तो ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचे असते. माझी मुदत त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला संपत होती. मुदतीत कळवले म्हणून पकडणे माफ होते, असे कुठल्याही कलमात लिहिलेले नाही. पण मी स्वतःहून आलो ही बाब त्यांनी जबाबाच्या पहिल्याच ओळीत घेतली आणि मला समज देऊन सोडले. दुसऱ्या कार्यालयात असेच होईल, असे कोणी गृहीत धरू नये.

निमविषारीचा मुद्दा मी तरीही मांडून पाहिला. त्यावर त्यांनी दिलेले उदाहरण मी आता वर्गात वापरतो. २०२२ च्या दुरुस्तीपूर्वीच्या अनुसूचींत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या याद्यांत, बिनविषारी धामण आणि जहाल विषाचा नाग अनुसूची दोनमध्ये शेजारी-शेजारी होते, तर मण्यार खालच्या अनुसूची चारमध्ये होता आणि हरणटोळही तिथेच होता. दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली, पण हरणटोळ काही संरक्षणातून बाहेर पडला नाही. अनुसूची ठरते ती प्राण्याला किती संरक्षण हवे यावर. विषाचे मोजमाप तिच्यात नाही.

मग शिक्षणासाठी म्हणून परवानगी मागता येईल का, असे मी विचारले. कलम १२ मध्ये शिक्षण आणि शास्त्रीय संशोधनासाठी तशी तरतूद आहे, पण परवाना मुख्य वन्यजीव रक्षक देतात, त्याला सरकारची पूर्वपरवानगी लागते आणि तो साप पकडण्याआधी मागायचा असतो. एका शिक्षकाच्या ओटीवरची माशांची पेटी त्या चौकटीत बसवायला निघालो असतो तर माझे मलाच हसू आले असते.

पंच येईपर्यंत वेळ होता, म्हणून मनातली खरी तक्रारही बोलून टाकली. माझ्या एका माजी विद्यार्थ्याकडे पुण्यात बॉल पायथन आहे, आणि तो उघडपणे आहे. आफ्रिकेतला अजगर चालतो आणि परसातला हरणटोळ चालत नाही, हे कसे? उत्तर असे मिळाले, की तो साप भारतातला वन्यप्राणी नाही, त्याला याच कायद्यातले वेगळे प्रकरण लागू होते. बॉल पायथन वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साईटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी करण्याचे नियम केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढले. ज्यांच्याकडे ते आधीपासून आहेत त्यांना परिवेश २.० या संकेतस्थळावर नोंद करायला सहा महिन्यांची मुदत होती. मी विद्यार्थ्याला तिथूनच फोन लावला. त्याने अर्ज केलेलाच नव्हता. हॉगनोज नावाचा उत्तर अमेरिकेतला निमविषारी साप घ्यायचाही त्याचा विचार चालला होता. तो साप साईटिसच्या परिशिष्टांत नाही, म्हणून त्याला या नोंदणीची सक्ती नाही. पण तो देशात कायदेशीर वाटेने आला याचे आयातीचे कागद विक्रेत्याकडे असायलाच हवेत. ते मागितल्यावर विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले, असे त्याने मला आठवडाभराने कळवले.

दुपारी पंचनामा झाला आणि आम्ही माझ्या घराजवळच्या ओहोळाकाठी गेलो, कारण साप जिथला असेल तिथेच, त्याच्या ओळखीच्या झाडीत सोडणे बरे. पाऊस भुरभुरत होता. अभ्र्याचे तोंड सोडून तो करवंदीच्या जाळीशी धरला, तर बराच वेळ काहीच हलले नाही. मग टोकदार नाक बाहेर आले आणि बघता बघता सगळा साप पानांत मिसळून गेला. तीन माणसे हातभर अंतरावर उभी होती आणि तिघांपैकी एकालाही तो पुन्हा दिसला नाही.

वनरक्षकाने जीपच्या बॉनेटवर नोंदवही उघडली. सापाची जात, लांबी, ठिकाण भरून झाले आणि पेन पुढच्या रकान्यावर थांबले. तिथे 'विषारी / बिनविषारी' एवढेच छापलेले होते. "गुरुजी, यातले काय खोडू?" त्याने विचारले. मी मागच्या दातांपासून सांगायला सुरुवात केली. त्याने निमूटपणे ऐकून घेतले, रकाना तसाच सोडला आणि शेऱ्यात लिहिले: 'निसर्गात मुक्त केला. पकडणाऱ्यास चावला होता.'