आमची वाटचाल : लेथच्या जॉबवर्कपासून मोठ्या कास्टिंगपर्यंत

सुरुवात लेथवर झाली, बुश, फ्लँज, शाफ्ट, जे काम येईल ते घ्यायचो. पण ओढ पहिल्यापासून मोठ्या कामाची, म्हणून जमेल तसे पैसे साठवून एक जुनं हॉरिझॉन्टल बोरिंग मशीन घेतलं, म्हणजे मोठ्या जॉबमध्ये आडवे, अचूक बोअर (भोकं) करणारं, 130 मिमी स्पिंडलचं (टूल धरून फिरणारा दांडा). जॉब चढवायच्या आधी मशीनच्या स्लाइड हाताने खरवडून (स्क्रॅपिंग) सपाट करून घेतल्या आणि फाउंडेशन नव्याने भरलं. एवढा खर्च जमिनीत कशाला घालताय असं बरेच जण म्हणाले, पण टनावारी वजन टेबलावर आलं आणि लेव्हल हललं की बोअर सरळ येणारच नाही, मग स्पिंडल कितीही चांगला असू दे.

स्टील कास्टिंगचं, म्हणजे साच्यात ओतलेल्या जॉबचं, काम प्लेटसारखं नसतं. ओतल्यावर स्टील साधारण 2 टक्के आकसतं, कोअर (आतली पोकळी बनवणारा वाळूचा भाग) थोडा सरकलेला असतो, रायझर (आकसताना धातू पुरवणारा जादा भाग) कापलेल्या जागी वेगळाच उंचवटा. म्हणून आमच्याकडे जॉब आला की आधी मार्किंग, चुना लावून सगळीकडून सेंटर लाइन काढायची आणि प्रत्येक फेसला मटेरियल पुरतंय का ते बघायचं, एका बाजूला 12 मिमी आणि दुसऱ्या बाजूला 3 मिमी दिसलं तर सेंटर सरकवून वाटून घ्यायचं. यात अर्धी शिफ्ट गेली तरी चालेल. पहिला कट मात्र खोल घ्यायचा, टूलची टिप कास्टिंगच्या वरच्या कडक थराच्या, कातडीच्या, खाली गेली पाहिजे, वरवर घासलं तर चिकटलेली वाळू आणि स्केल टिपा खाऊन टाकतात.

रफ झालं की जॉब स्ट्रेस रिलीव्हिंगला (तापवून आतला ताण काढायला) जातो, 600 डिग्रीच्या आसपास, आणि परत आला की फिनिश. फिनिश कटच्या आधी आमचा ऑपरेटर जॉबवर डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) लावून एकेक क्लॅम्प सैल करतो. काटा हलला तर जॉब ओढून बसवलाय, पॅकिंग काढून परत बसवायचा. हे त्याला कोणी सांगावं लागत नाही, मला त्याचा खरंच अभिमान आहे.

आणि उष्णता! एक मीटर स्टील एका डिग्रीला साधारण 12 मायक्रॉन वाढतं. 300 मिमीच्या एच7 (अचूकतेचा एक दर्जा) बोअरला टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी सूट, मिळतो 52 मायक्रॉन, जॉब 10 डिग्री गरम असताना मापलात तर त्यातले 36 तिथेच गेले. त्यामुळे शेवटचा कट आम्ही रात्रभर जॉब थंड करून सकाळीच घेतो, गाडी दारात उभी असली तरी.

याच कामामुळे हळूहळू गिअरबॉक्सच्या बॉडी, प्रेसच्या फ्रेम, पंपाचे केसिंग असं काम येत गेलं, नंतर टेबल फिरणारं दुसरं मशीन आलं, एकाच सेटिंगमध्ये 180 डिग्री फिरवून समोरचा बोअर करता येतो, स्पिंडल लांब काढून तो वाकायची भीती नाही. आता काही फौंड्रीवाले पॅटर्न (साचा बनवायचा नमुना) बनवायच्या आधीच ड्रॉइंग घेऊन येतात, क्लॅम्पिंगसाठी लग (पकडायचे कान) कुठे ठेवू, कुठल्या फेसला अलाउन्स (कापायला जादा मटेरियल) वाढवू असं विचारतात, आणि आम्ही पेन्सिल घेऊन बसतो.