भरलेला दाणा

भ्रूण काढायचा दिवस म्हणजे सकाळपासून मान खाली. गव्हाच्या ओंब्यांवर मक्याचे पराग टाकून दोन आठवडे उलटले होते. परागणानंतर दिलेल्या टू-फोर-डी या वाढ-संप्रेरकामुळे दाणे टिकून होते. ते दिलं नाही तर दाणे आधीच सुकून जातात.

लॅमिनार फ्लोमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटापाशी, माझ्या शेजारी नवी मुलगी बसली होती. हाताने चपळ. थोड्या वेळाने म्हणाली, "मॅडम, हा बघा, कसला टम्म भरलाय!"

चिमट्याने दाबला, तर आतून दुधासारखा पांढरा चीक आला. "टाकून दे," म्हटलं. तिचा चेहराच पडला.

या कामात सगळं उलटं असतं. मक्याच्या परागाने गव्हात भ्रूण तयार होतो, पण पहिल्या काही पेशीविभाजनांतच मक्याची गुणसूत्रे गळून जातात. भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाला पोसणारा दाण्यातला साठा, बनतच नाही. त्यामुळे हवा तो दाणा उजेडात धरला की आत नुसतं पाणी दिसतं आणि त्यात तरंगणारा जेमतेम एक मिलिमीटरचा पांढरट ठिपका. बऱ्याच दाण्यांत तोही नसतो. ठिपका सापडला की सुईच्या टोकावर अलगद उचलून नळीतल्या पोषक माध्यमावर ठेवायचा, कारण त्याला पोसायला दाण्यात काहीच नाही. आणि भ्रूणपोषाने भरलेला दाणा म्हणजे गव्हाच्याच परागाने फळलेला. गव्हाच्या एका फुलात तीन परागकोश. मक्याचे पराग टाकण्याआधी ते काढताना एक निसटला तरी पुरे.

हे सगळं तिने ऐकून घेतलं, पण पटलं नसावं. त्या दाण्यातला भ्रूणही तिने वेगळ्या नळीत लावला आणि नळीवर प्रश्नचिन्ह काढलं. मी अडवलं नाही. सांगून पटण्यापेक्षा सूक्ष्मदर्शकाखाली पटलेलं टिकतं, असं माझं मत आहे.

रोपं मुळांवर आली तेव्हा मुळांची टोकं रंगवून गुणसूत्रं मोजायला बसलो. बाकीच्या रोपांत २१, म्हणजे एकगुणित, नेहमीच्या गव्हाच्या निम्मी. ती आधी कोल्चिसिन या रसायनाने दुप्पट करायची, मगच बी धरणार. पण त्या बियांपासूनची ओळ एका फटक्यात शुद्ध, एरवी त्यासाठी पाच-सहा पिढ्या स्वपरागण करत बसावं लागतं.

प्रश्नचिन्हाची स्लाइड तिने शेवटी ठेवली होती. बराच वेळ डोळा लावून बसली, मग वहीत ४२ लिहून माझ्याकडे सरकवली. कोल्चिसिन तर अजून कुणालाच दिलं नव्हतं.