पुरावा दाखव म्हणणाऱ्यांना

पुरावा नसेल तर विश्वास ठेवायचा नाही, हे मी देवाबद्दल बोलताना इतक्यांदा ऐकलंय की एके काळी माझी बोलतीच बंद व्हायची. इंग्रज गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ क्लिफर्डने १८७७ मध्ये हेच मांडलं होतं, अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणं चूकच, कुणासाठीही, कधीही. पण मग या नियमाचा पुरावा काय? तो कुठल्या लॅबमध्ये सिद्ध झालाय?

मला खरा आधार मिळाला तो अमेरिकन ख्रिस्ती तत्त्वज्ञ प्लँटिंगांमुळे. १९६७ मध्ये त्यांनी विचारलं की समोरच्याला मन आहे हे तरी तुम्ही कुठे सिद्ध केलंय. परवा मैत्रीण माझ्यासमोर रडत होती, रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत, मी काय आधी तिच्या दुःखाचा पुरावा मागितला? दिसलं, कळलं, बस. देवावरचा विश्वासही असा असू शकतो, मूळचाच, म्हणजे दुसऱ्या कुठल्या पुराव्यावर न टेकलेला, आणि तरी समंजस.

आता यातून येशू मेलेल्यांतून उठला हे सिद्ध होत नाही हे मान्यच, त्यासाठी इतिहासातच शिरावं लागतं, आणि म्हणून मी सध्या बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला १५वा अध्याय वाचतेय, जिथे तो म्हणतो की पाचशेहून जास्त जणांनी उठलेल्या येशूला पाहिलं आणि त्यातले बरेच अजून हयात आहेत.