तुम्ही विचारलंत म्हणून: संरक्षणाची प्रार्थना राहून गेली, तर दार उघडं राहतं का?

"सकाळी घाईत संरक्षणाची प्रार्थना राहून गेली. आता दिवसभर सैतानाला दार उघडं का?" कॅथलिक घरांत, सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मंडळ्यांत आणि नव्या पेंटेकॉस्टल सभांमध्येही हा प्रश्न मला सतत विचारला जातो. शब्द तेवढे बदलतात. येशूचं रक्त रोज नव्याने मागावं लागतं का? दुरात्म्याचं नेमकं नाव घेतलं नाही, तर प्रार्थना लागू पडते का? मुलं शाळेत गेल्यावर आठवलं, तर उशिरा केलेली चालते का?

उत्तर आधी देतो: दार उघडं राहत नाही. प्रार्थना म्हणजे देवाकडे मागणं. मागणारा विसरला म्हणून देणारा नजर फिरवत नाही. हे सुटलं की प्रार्थनेचा मंत्र होतो. मग अक्षर चुकलं, वेळ चुकली, नाव चुकलं, अशा नव्या नव्या भीती तयार होतात. करणी, नजर, बाधा ही भाषा आपल्याकडे घराघरांत आहे आणि ख्रिस्ती घरं तिच्याबाहेर नाहीत. उंबरठ्यावरची लिंबू-मिरची गेली, तिथे प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली आली, भीती मात्र होती तीच राहिली. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. चौथ्या शतकात लावदिकिया इथल्या धर्मसभेला धर्मगुरूंनी ताईत करू नयेत असा नियम करावा लागला होता.

या विषयात सगळ्यात जास्त ताणलेला उतारा म्हणजे बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय, वचनं 10 ते 18. सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, शांतीच्या सुवार्तेसाठी सिद्ध पाय, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तलवार. पुष्कळ घरांत सकाळी एकेक वस्तू अंगावर चढवल्याची खूण करत हा उतारा म्हणतात. मुलांना पाठ करून घ्यायला पद्धत चांगली आहे. पण शिरस्त्राण म्हणायचं राहिलं म्हणून दिवसभर डोकं उघडं, असं त्यात कुठेही नाही. 'रोज सकाळी' हे शब्दही नाहीत. या आज्ञा अनेकवचनी आहेत, म्हणजे सगळ्या मंडळीला मिळून दिलेल्या आहेत. शिवाय हे चिलखत मुळात देवाचं आहे. यशया 59:17 मध्ये उरस्त्राण आणि शिरस्त्राण देव स्वतः घालतो. इफिसच्या मंडळीला तेच घालायला दिलं आहे. ते रोज नव्याने घडवायची जबाबदारी तिची नाही.

सहावा अध्याय सुटा काढून वाचला की आणखी एक गोष्ट नजरेतून निसटते. यातली बरीचशी शस्त्रं पत्रात आधीच येऊन गेली आहेत, तीही अगदी साध्या रूपात. सत्य 4:25 मध्ये आहे: लबाडी सोडा, शेजाऱ्याशी खरं बोला. नीतिमत्त्व त्याच्या आदल्याच वचनात आहे. शांती दुसऱ्या अध्यायात आहे, वैरी असलेल्या दोन समाजांना जवळ आणणारी. म्हणजे कमरबंद बांधायचा तर हिशोबात खोटं लिहायचं नाही. तोंडाने कमरबंद म्हणायचा आणि जमिनीच्या कागदांत भावाचं नाव गाळायचं, तर त्या प्रार्थनेला अर्थ उरत नाही.

आणि दाराचं म्हणाल, तर या पत्रात ते दार खरोखरच दाखवलं आहे. सैतानाला वाव देऊ नका, हे शब्द 4:27 मध्ये आहेत. त्याच्या लगेच आधीचं वाक्य असं: तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये. या पत्रात सैतानाला जागा मिळते असं म्हटलेलं हे एकच ठिकाण, आणि तिथे विषय आहे रात्रभर धरून ठेवलेला राग. करिंथकरांस दुसऱ्या पत्रातही (2:10-11) सैतानाच्या डावपेचांचा उल्लेख येतो तो क्षमेबद्दल बोलताना. जावेशी सहा महिने अबोला धरून रोज सकाळी घराच्या चारही कोपऱ्यांत तेल लावणाऱ्या बाईला पत्र सरळ सांगतं की कोपरे ठीक आहेत, आधी जावेशी बोल. लोकांना हे उत्तर आवडत नाही. तेल लावणं सोपं असतं.

स्तोत्र 91 बद्दलही असंच झालं आहे. करोनाच्या काळात ते मोबाइलवरून घरोघर फिरलं, कारण त्यात मरीचा उल्लेख आहे. रात्री म्हणायला ते फार जुन्या काळापासून आहे. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या मठांच्या नियमावलीत रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेला स्तोत्र 4, 91 आणि 134 ही तीन रोज म्हणायला सांगितली आहेत. पण हेच स्तोत्र विम्याच्या कागदासारखं वापरून पाहणारा शुभवर्तमानात एकच आहे, सैतान. मंदिराच्या शिरोभागावर येशूला उभं करून तो म्हणतो, उडी टाक, देवदूत तुला झेलतील असं लिहिलं आहे ना (मत्तय 4:5-6). येशू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहू नको, एवढंच म्हणतो. म्हणून स्तोत्र म्हणून हेल्मेटशिवाय गाडी काढणं, स्तोत्र म्हणून इन्सुलिन बंद करणं, हे त्या उडीचेच प्रकार आहेत. स्तोत्राच्या शेवटी, 15 व्या वचनात, देव म्हणतो की संकटाच्या वेळी मी त्याच्याजवळ राहीन. संकट येईल, हे स्तोत्राने धरलेलंच आहे.

आता ओरडण्याबद्दल. "सैताना, मी तुला बांधतो", "मी तुला तुडवतो", असं तासभर चाललं की खोलीतल्यांना वाटतं, मोठं युद्ध झालं. पण तो सगळा वेळ बोलणं कुणाशी झालं ते पाहा. बहुतेक वेळा देवाशी दोन वाक्यं आणि सैतानाशी पन्नास. यहूदाच्या पत्राचं नववं वचन सांगतं की आद्यदेवदूत मीखाएलानेही सैतानाशी वाद घालताना शिव्याशाप दिले नाहीत, "प्रभू तुला धमकावो" एवढंच म्हटलं. बांधण्या-सोडण्याचे शब्द मत्तय 18:18 मध्ये येतात ते चुकलेल्या भावाला मंडळीने कसं वागवायचं, या नियमांच्या ओघात. प्रेषितांनी दुरात्म्यांना हुकूम दिले नाहीत का? दिले. फिलिप्पैमध्ये दासीच्या अंगातल्या आत्म्याला पौलाने येशूच्या नावाने निघून जायला सांगितलं. पण आधी पुष्कळ दिवस तो काहीच बोलला नव्हता. बोलला तेव्हा एकच वाक्य बोलला आणि त्यानंतर फटके खाऊन बेड्यांत पडला (प्रेषितांची कृत्ये 16). येशूचं नाव घेऊन आत्मा घालवला तरी पाठ वाचतेच असं नाही.

नाव मंत्रासारखं वापरलं की काय होतं, ते त्याच पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात आहे. स्किवाचे सात मुलगे "पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूची शपथ" असं म्हणून बघतात आणि उघडेनागडे, जखमी होऊन पळतात. नंतर इफिसमधले जादूटोणा करणारे आपली पुस्तकं आणून जाळतात, किंमत भरते 50,000 रुपेरी नाणी. नेमकं सूत्र आणि नेमकं नाव यांवर विश्वास असलेल्या लोकांचा तो साठा होता. दुरात्म्यांच्या नावांच्या याद्या करून प्रार्थना करणारे तोच माल दुसऱ्या दाराने घरात आणतात.

गावावर किंवा शहरावर राज्य करणारे आत्मे शोधायचे, नकाशावर खुणा करायच्या, मग तिथे जाऊन प्रार्थना करायची, ही पद्धत 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या सी. पीटर वॅग्नर यांच्यासारख्या शिक्षकांनी पसरवली. आधार दाखवतात दानीएलाच्या दहाव्या अध्यायाचा, पारसच्या, म्हणजे इराणच्या, अधिपतीचा. तो अध्याय नीट वाचा. दानीएल तीन आठवडे शोक करतो, मिष्टान्न आणि मांस सोडतो, देवापुढे नम्र होतो. पारसच्या अधिपतीशी तो एक शब्द बोलत नाही. हा अधिपती देवदूताला वाटेत अडवत होता, हे दानीएलाला 21 दिवस उलटल्यावर त्या देवदूताकडूनच कळतं. आणि शेजाऱ्यांच्या देवळाकडे किंवा मशिदीकडे हात करून "किल्ले पाडणं" याला तर आधारच नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (10:4-5) जे किल्ले पाडायचे आहेत ते तर्कवितर्क आहेत. आपलं झगडणं रक्तमांसाशी नाही, हे इफिसच्या पत्रानेच बजावलं आहे. तरी "करणी कुणी केली" हे विचारणारे पाळक आहेत आणि उत्तरात नेहमी कुठली तरी विधवा चुलती किंवा नवी सून निघते. असा प्रश्न विचारला गेला की त्या सभेतून उठून यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅथलिक वाचकांसाठी एक घोळ सोडवतो. संत मीखाएलाची छोटी प्रार्थना आणि भूत काढण्याचा विधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छोटी प्रार्थना तेराव्या लिओ पोपनी 1886 मध्ये मिस्सानंतर म्हणायला लावली. ती कुणीही, कधीही म्हणावी. भूत काढण्याचं मोठं सूत्रही त्याच पोपांच्या नावाने चालतं. ते श्रद्धावंतांनी वापरू नये, असं रोमने 29 सप्टेंबर 1985 च्या पत्रात बिशपांना कळवलं. बाधा झालेल्या माणसावर विधी करायला धर्मगुरूलाही स्थानिक बिशपची स्पष्ट परवानगी लागते, हा कॅथलिक चर्चच्या कायद्यातला नियम, कॅनन 1172. पवित्र पाणी, मीठ, बेनेडिक्टचं पदक ही चर्चच्या प्रार्थनेची आठवण देणारी चिन्हं आहेत. ती संपली किंवा हरवली तर घाबरण्याचं कारण नाही.

मग म्हणायचं काय? थोडकं. प्रभूची प्रार्थना संरक्षणाचीच आहे. तिची शेवटची मागणी वाइटापासून सोडवण्याची आहे आणि ती म्हणायला अर्धा मिनिटही लागत नाही. स्वतःच्या शब्दांत मागायचं तर क्रम असा ठेवा: आधी देवाला हाक मारा, मग त्याने केलेलं एखादं काम आठवा, मग एक मागणी करा, कुणासाठी ते सांगा आणि येशूच्या नावाने संपवा. रात्रीसाठी जुन्या परंपरेत घराची एक प्रार्थना आहे. तिचा आशय असा: प्रभो, या घरात ये, शत्रूचे फासे दूर कर, तुझे दूत इथे राहून आम्हाला शांतीने राखोत, तुझा आशीर्वाद आमच्यावर असो. त्यात एकाही दुरात्म्याचं नाव नाही. प्रवासाला निघताना, परीक्षेच्या दिवशी, ऑपरेशनच्या आधी एवढी पुरते.

लांबली की बिघडते. पाच मिनिटांनंतर बरेच जण देवाला धोक्यांची यादी वाचून दाखवू लागतात: अपघात, साप, शॉक, बुडणं. जवळ बसलेलं मूल ती यादी ऐकत असतं. त्याला रात्री झोप लागत नाही आणि मग झोप न लागण्यावरही प्रार्थना सुरू होते. मुलांसमोर यादी नको, दोन वाक्यं आणि डोक्यावर हात पुरे. "येशूचं रक्त" म्हणायला हरकत नाही, पण ते वधस्तंभावर एकदाच सांडलं, इब्री लोकांस पत्र हा 'एकदाच' ठासून सांगतं. सकाळी लावलं आणि संध्याकाळी उतरलं, असा त्याचा हिशोब नाही.

काही वेळा प्रार्थनेच्या मागे आजार असतो. एखादा शब्द चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून, मन भरत नाही म्हणून आणखी एकदा, असं दिवसातला तास-दोन तास खात असेल, तर तो भक्तीचा जोर नव्हे. हा मंत्रचळ (ओसीडी) असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. अशा माणसाला "आणखी जोरात प्रार्थना कर" म्हणणं म्हणजे आजाराला खतपाणी. त्याने एकदाच म्हणायचं आणि अस्वस्थ वाटलं तरी पुन्हा म्हणायचं नाही, तेही शक्यतो मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीने. रात्री जाग येते, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, हात हलत नाही, खोलीत कुणी उभं दिसतं, हे बहुतेकदा झोपेतलं जखडणं असतं. मेंदू जागा झालेला असतो, शरीराचा झोपेतला शिथिलपणा उतरलेला नसतो. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत ते जातं. जागरण झालं असेल किंवा उताणं झोपलं असेल तर जास्त होतं. प्रार्थना जरूर करा आणि कुशीवर झोपा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाईला भलतेच आवाज ऐकू आले, भलतं काही बाळाबद्दल बोलू लागली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे प्रार्थनासभेची वाट पाहायची नाही.

याची किंमत किती असते, ते जर्मनीतल्या क्लिंगेनबर्गने पाहिलं. फिट येण्याचं निदान झालेल्या आनेलीझ मिशेलवर बिशपच्या परवानगीने 67 वेळा विधी झाले आणि 1 जुलै 1976 रोजी ती 23 वर्षांची मुलगी उपासमारीने गेली, वजन जेमतेम 30 किलो. 1978 मध्ये आईवडील आणि दोन धर्मगुरू दोषी ठरले. म्हणजे परवानगी असणंही पुरेसं नाही. इंग्लंडच्या चर्चने 1975 मध्ये घालून दिलेल्या अटी मला सगळ्यात शहाण्या वाटतात: डॉक्टरांना बरोबर घेऊन, प्रार्थना आणि संस्कारांच्या चौकटीत, कमीत कमी गाजावाजा करून, बिशपने नेमलेल्या अनुभवी माणसानेच आणि नंतर त्या माणसाची काळजी घेत राहून. स्टेजवर माइक लावून भूत काढणारे यातल्या किती अटी पाळतात, ते मोजून पाहा.

महाराष्ट्रात तर कायदाही आहे. 2013 च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाखाली भूत उतरवण्याच्या नावाने मारणं, बांधून ठेवणं, चटके देणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड 5,000 ते 50,000 रुपये. मारणारा कोणत्या धर्माचा आहे, हे कायदा विचारत नाही. प्रार्थनेसाठी आलेल्या माणसाच्या औषधाच्या गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या, तर गोळ्या चालू ठेवा आणि प्रार्थनेची जागा बदला. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.