कूलरचं लँडिंग पेज: मार्च ते जूनची नोंद

राजेहो, मी अफिलिएट आहे, म्हणजे माझ्या लिंकवरून कुणी कूलर घेतला की ऑनलाइन दुकान मला कमिशन देतं. मागच्या उन्हाळ्यात मी सर्च जाहिरातीतून लोकांना थेट त्या दुकानाच्या पानावर पाठवत होतो. क्लिकला साधारण ७ रुपये जायचे, आणि माणूस गेला की गेला. नागपुरात कूलर कुणी एका बैठकीत घेत नाही. आधी फोनवर बघतात, मग घरी बोलणं होतं, मग रविवारी सीताबर्डीला जाऊन हवा लागते का ते हात धरून पाहतात. अफिलिएट कुकीची (गिऱ्हाईक माझ्या लिंकवरून आलं ही ब्राउझरमधली खूण) मुदत मात्र कमी असते; अ‍ॅमेझॉनच्या योजनेत ती २४ तासांची आहे. म्हणजे आठवडाभर विचार करणाऱ्या गिऱ्हाइकाचा पहिला क्लिक मी विकत घ्यायचो आणि शेवटचा माझ्या हातात नसायचा. शिवाय बऱ्याच योजना सर्च जाहिरातीतून थेट लिंक द्यायला मनाईच करतात. अटी आधी वाचा, हे कळकळीनं सांगतो.

म्हणून यंदा मार्चमध्ये स्वतःचं लँडिंग पेज, म्हणजे जाहिरातीवर क्लिक केल्यावर आधी उघडणारं पान, केलं. पहिला प्रयत्न अगदी पातळ होता: मथळा, तीन फोटो आणि ‘किंमत पहा’चं बटण. जाहिरात नामंजूर झाली, आणि तो दोष माझाच. वाचकाला फक्त पुढे ढकलणारं पान जाहिरातींच्या धोरणात बसत नाही, आणि बसूही नये. त्या पानावर त्याला मिळत काय होतं?

मग दोन रविवार बसून पानावर खोलीचं गणित टाकलं: केवढ्या खोलीला कूलरची किती हवा लागेल. लांबी, रुंदी, उंची फुटांत भरायची. घनफळाच्या निम्मी हवा दर मिनिटाला लागते, हा कूलरवाल्यांचा जुना ठोकताळा. १२ बाय १२ची, १० फूट उंच खोली म्हणजे १४४० घनफूट, तर ७२० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ७२० घनफूट हवा. खोक्यावर आकडा बहुतेक वेळा तासाला घनमीटरमध्ये छापलेला असतो, म्हणून तोही दाखवतो: सुमारे १२००. या एका रूपांतरासाठी लोक पानावर थांबतात असं मला वाटतं, कारण दुकानात ते कुणी करून देत नाही.

इथे एक चूक झाली. उत्तर दाखवण्याआधीच मी ईमेल मागत होतो. लहान बहिणीनं फोनवर पान उघडलं आणि म्हणाली, “दादा, उत्तर दिसायच्या आधीच ईमेल काहून मागतं हे? मी तर खोटाच टाकीन.” तिचं खरं निघालं. त्या आठवड्यात ११८ क्लिकमधून ९ ईमेल आले, त्यांतले दोन खोटे. नंतर उत्तर मोकळं केलं आणि फॉर्म त्याखाली ठेवला: ‘पॅड कधी बदलायचे, टाकी कधी धुवायची, मोसमभर आठवण हवी?’ पुढच्या आठवड्यात १२६ क्लिक, १७ ईमेल. एक ईमेल ९२ रुपयांवरून ५२ रुपयांवर आला. नमुना लहान आहे, पण दिशा मला पटली. गणिताचं काम त्याच मिनिटाला संपतं. देखभाल तीन महिने चालते, त्यासाठी पत्ता देणं माणसाला रास्त वाटतं.

फॉर्ममध्ये एकच रकाना आहे. संमतीची चौकट आधीपासून टिक केलेली नाही आणि मजकूर मराठीत आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती स्पष्ट हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. डबल ऑप्ट-इनही लावलं, म्हणजे आलेल्या पत्रातली लिंक दाबून खात्री केली तरच पत्ता यादीत येतो. त्यानं आकडा थोडा घटतो, पण खोटे पत्ते गाळले जातात. खरेदीच्या बटणाच्या वरच लिहिलंय की या लिंकवरून घेतलं तर मला कमिशन मिळतं. ईमेल स्वतःच्या डोमेनवरून जातो. एसपीएफ आणि डीकेआयएम (पत्र खरंच आपल्याच डोमेनचं आहे हे पटवणाऱ्या नोंदी) लावल्याशिवाय पहिलं पत्र पाठवू नका. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल याबाबत कडक आहे.

पैसे सगळ्यांत जास्त वाया गेले ते शोधशब्दांत. ‘कूलर’वर ब्रॉड मॅच (जवळपासच्या शोधांवरही जाहिरात दाखवणं) ठेवला तर कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा कूलर, शाळेचा पाण्याचा कूलर, मोटर दुरुस्ती, सेकंड हँड, सगळं येतं. निगेटिव्ह यादी, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसायला नको त्यांची यादी, रोज रात्री वाढवत गेलो. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये ‘त्या भागात रस असलेले’ हा पर्याय मुळातच चालू असतो, त्यामुळे पुण्यामुंबईचे क्लिक येत होते. ‘फक्त तिथे असलेले’ केलं, तेव्हा विदर्भ उरला.

ईमेलचं खरं मोल मला एप्रिलच्या शेवटी कळलं. मानेवाड्यातल्या एका ताईंचं उत्तर आलं: “दादा, आमचं वरच्या मजल्याचं घर, स्लॅब तापते, नळ दिवसातून एकदाच. टाकी केवढी घेऊ?” हा प्रश्न मला कीवर्डच्या कुठल्याच यादीत दिसला नव्हता. पानावर टाकीचा वेगळा भाग लिहिला: पाणी एकदाच येत असेल तर मोठी टाकी का, पाणी जड असेल तर हनीकोंब पॅडवर पांढरा थर कसा धरतो, समोरची खिडकी का उघडी हवी. मग त्याच शब्दांत एक नवा जाहिरात गट केला. त्याचे क्लिक कमी आहेत, पण वाचक शेवटपर्यंत वाचतो. प्रत्येक लिंकला वेगळा सबआयडी (खरेदी कुठल्या लिंकवरून झाली ते सांगणारी खूण) असल्यामुळे दिसतं की मेमधल्या सहा खरेदींपैकी चार पत्रांतून आल्या.

ओपन रेटकडे, म्हणजे किती जणांनी पत्र उघडलं त्या आकड्याकडे, मी आता बघत नाही. पत्रातलं चित्र उतरलं की पत्र उघडलं असं तो धरतो. २०२१पासून अ‍ॅपल मेल चित्रं आधीच उतरवून घेतं, त्यामुळे तो आकडा फुगतो. क्लिक आणि उत्तरं मोजतो.

काल पहिला जोरदार पाऊस झाला. हवा दमट झाली की पाण्याची वाफ नीट होत नाही, कूलर नुसता पंखा होतो. जाहिराती बंद केल्या. लिस्टवर १४१ पत्ते आहेत. त्यांना आज संध्याकाळी एकच पत्र जाईल: टाकी रिकामी करा, पॅड उन्हात वाळवा, पंप काढून कोरडा ठेवा. त्यात लिंक एकही नाही.