चंद्रभागेचं वय: कादंबरी लिहिताना आलेला अनुभव

माझ्या कादंबरीतली चंद्रभागा १८६८ साली पुण्यात जन्मली आणि अजून हयात आहे. आज कुणी तिला पाहिलं तर बत्तिशीची बाई म्हणेल. ही कल्पना एका दुपारी सुचली. तिला आणि तिच्या भोवतीच्या माणसांना कागदावर उभं करायला मात्र चार वर्षं लागली.

सुरुवातीला मी सोपा हिशोब धरला होता, दहा वर्षांनी एक वर्ष वाढायचं आणि तेही जन्मापासून. ग्रीनलंड शार्कबद्दल वाचून तो हिशोब मला खरा वाटला होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांतल्या सर्वांत मोठ्या मादीचं वय किमान २७२ वर्षं निघालं. हा मासा वर्षाला सेंटीमीटरभर वाढतो आणि पिलं होण्याजोगा व्हायला त्याला दीडशे वर्षं लागत असावीत. म्हणजे जो हळू म्हातारा होतो तो हळूच मोठा होतो. माशाचं ठीक आहे, पण माणसाचं पोर दहाव्या वर्षी पहिलं पाऊल टाकणार आणि साठाव्या वर्षी त्याचे दुधाचे दात पडणार! तोवर आईबाप तरी कुठले उरायला? दोन प्रकरणं लिहून झाल्यावर ती काढून टाकली. मग ठरवलं, चंद्रभागा अठरा वर्षांपर्यंत चारचौघींसारखी वाढेल आणि १८८६ नंतर तिची गती मंदावेल.

पुढचा प्रश्न केसांचा होता, आणि त्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. १८९७ च्या प्लेगात तिचा नवरा जातो. त्या काळच्या पुण्यातल्या ब्राह्मण घरात पुढे काय होणार हे वेगळं सांगायला नको. केशवपन आणि लाल अलवण. आता केसही दहापट हळू वाढत असतील तर एकदा वपन झालेलं डोकं कित्येक वर्षं तसंच राहील, आणि दर पंधरा दिवसांनी येणाऱ्या न्हाव्याच्या ते पहिल्यांदा लक्षात येईल. मी बरेच दिवस यावर अडले. शेवटी केस, नखं, भूक आणि जखम भरणं हे सगळं आपल्यासारखंच ठेवलं. फक्त झीज मंद. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि पुन्हा मोडला नाही.

तेच प्रकरण लिहिताना एक गोष्ट हाताला लागली. सोवळ्या बाईचं तोंड सकाळी दिसू नये म्हणून लोक नजर वळवायचे. म्हणजे तिचं वय कुणी पाहतच नव्हतं! एकोणतिसाव्या वर्षी एकोणीसची दिसणारी आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी एकवीसची दिसणारी ही बाई त्या पदराआड अठरा वर्षं सुरक्षित राहिली. ज्या रूढीने तिचं आयुष्य हिरावलं तिनेच तिला लपवलं. ते लिहून झाल्यावर मी दोन दिवस वहीला हात लावला नाही.

अश्वत्थाम्यावरून काही घेतलंस का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. नाही घेतलं. भळभळती जखम घेऊन फिरणारा तो एकटा आहे, त्याच्या मागे रेशनकार्ड नाही की लेक नाही. पुराणातली रेवती त्यापेक्षा जवळची वाटली. वडिलांबरोबर ब्रह्मलोकी गेली, तिथे थोडा वेळ थांबली, आणि परत आली तर पृथ्वीवर युगं उलटून गेली होती. पण तिची माणसं तिच्या पाठीमागे गेली. चंद्रभागेला ती रोज समोर म्हातारी होताना दिसतात.

ती माणसं म्हणजे मुख्यतः यमू, तिची मुलगी. १८९० चा जन्म, साधं माणसासारखं वय. पहिल्या खर्ड्यात यमू सगळीकडे ‘आई’ म्हणत होती आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तो खर्डा मी आत्याला वाचायला दिला. आत्या ऐंशीच्या आसपासची, सगळं बालपण नारायण पेठेत गेलेलं. तिने गिरगावातल्या चाळीचं प्रकरण वाचलं आणि म्हणाली, “अगं, पंचविशीची बाई एकविशीच्या पोरीला आई म्हणतेय आणि चाळीत कुणाला काही वाटत नाही होय? चाळीत उचकी लागली तरी चार घरांत कळायचं.”

मी म्हटलं, घरात आई म्हणेल, बाहेर दुसरं काही म्हणेल. आत्याने मान हलवली. “वीस वर्षं? एकदा तरी तोंडातून जाईलच. घरातही बंदच करायला हवं.”

त्या रात्री मी मोठा कागद घेतला. आतापर्यंत मी फक्त चंद्रभागेचं वय मांडत आले होते. आता डावीकडे साल, मध्ये दोघींची दिसणारी वयं आणि उजवीकडे हाक, असे रकाने पाडले. १९१५ साली अलवण सोडून, केस वाढवून ती लेकीबरोबर गिरगावात येते, तेव्हा यमू पंचवीसची आणि ती एकवीसची दिसते. म्हणून जगासाठी दोघी बहिणी, आणि थोरली यमू. आईने लेकीला ‘अक्का’ म्हणायचं. १९३५ ला यमू पंचेचाळीसची, ही तेविशीची. आता ‘अक्का’ जमणार नाही, आईने लेकीला ‘आई’ म्हणायचं. १९६१ ला यमू एकाहत्तर, ही पंचवीस. ‘आजी’.

तो उजवा रकाना भरताना मला रडू आलं. कादंबरी तिथे होती, आणि मी तीन वर्षं इतिहासात शोधत होते. खर्डा पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतला.

इतिहास अर्थातच सोडला नाही, पण हाकांना उपयोगी पडेल तेवढाच ठेवला. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तरी चंद्रभागा मनात आणेच मोजते आणि वाण्यापुढे चुकते, एवढ्यावर भागवलं. तिची खर्चाची वही मोडीत असते, वडिलांनी घरी शिकवलेली. शाळांतून मोडी गेली आणि वही शेजाऱ्यांपासून आपोआप सुरक्षित झाली.

पानशेतचं प्रकरण मात्र लांबलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. आत्या तेव्हा शाळेत होती. वाड्यातला चिखल उपसूनही वास जात नव्हता, हे तिने इतक्या बारकाईने सांगितलं की मी नुसती लिहून घेत राहिले. तोवर पुण्याला परतलेल्या दोघींची ट्रंक त्या पाण्यात जाते. त्यात दोघींचा एकत्र काढलेला एकमेव जुना फोटो असतो. त्या मायलेकी आहेत याचा तो शेवटचा पुरावा. ट्रंक वाहून गेल्याचं कळल्यावर यमूला हायसं वाटतं, चंद्रभागेला वाटत नाही. आधी मी हे उलटं लिहिलं होतं.

शेवटचं प्रकरण १९६९ चं. यमू एकोणऐंशीची, दवाखान्यात. चंद्रभागा फॉर्म भरते आणि ‘रुग्णाशी नाते’ या ओळीत ‘नात’ लिहिते. दुसऱ्या रात्री यमू तापात हाक मारते, “आई.” नर्स चंद्रभागेला समजावते की म्हाताऱ्या माणसांना असे भास होतात, तुम्ही मनावर घेऊ नका. इथे चंद्रभागेने काय बोलावं हे मी सात-आठ वेळा लिहिलं. एकदा ती नर्सला सगळं सांगून टाकते, एकदा गप्प राहते, एकदा बाहेर जाऊन रडते. एकही पटेना. ते पान मी महिनाभर तसंच ठेवलं.

गेल्या आठवड्यात ते पूर्ण झालं. चोपन्न वर्षांनी आलेली हाक आहे ती. चंद्रभागा यमूच्या कॉटवर बसते, तिचा हात हातात घेते आणि नर्ससमोर ओ देते.