पंचेचाळीस मैलांचं सीमोल्लंघन

दसऱ्याचं सीमोल्लंघन गावच्या वेशीपर्यंत जाऊन येतं. फ्लोरिडात छोटं विमान हौसेनं उडवणाऱ्यांची वेस म्हणजे समुद्र. पलीकडे बहामाचं बिमिनी बेट. फोर्ट लॉडरडेलच्या एक्झिक्युटिव्ह विमानतळावरून साउथ बिमिनी सुमारे 57 सागरी मैल, मधलं पाणी अरुंद जागी साधारण 45 मैलांचं. सेस्ना 172 या चार आसनी छोट्या विमानाला अर्धा तास पुरतो. आणि या अर्ध्या तासाची तयारी महिनाभर आधी सुरू करावी लागते. इथे आपट्याच्या पानांऐवजी कागदाची पानं वाटली जातात, आणि तीही सोन्याच्या भावाची.

अमेरिकेतल्या अमेरिकेत उडताना रेडिओसाठी वेगळा कागद लागत नाही, म्हणून नव्या वैमानिकाला तो असतो हेच ठाऊक नसतं. सीमेबाहेर जायचं तर विमानाला रेडिओ स्टेशनचा परवाना आणि वैमानिकाला रेडिओ चालवण्याचा परवाना, दोन्ही हवेत. दुसऱ्यासाठी परीक्षा नाही आणि तो आयुष्यभर चालतो. कुणी मागतो का, असं विचारणारे भेटतात. हा रेडिओचा परवाना विमान उडवण्याच्या लायसन्सपाशीच ठेवावा, म्हणजे या प्रश्नाचं उत्तर शोधत बसावं लागत नाही. विमान नुकतंच विकत घेतलं असेल तर तात्पुरत्या नोंदणीची प्रत देशाबाहेर चालत नाही. पक्की नोंदणी हातात येईपर्यंत थांबायचं. जुन्या विमानावर नोंदणी क्रमांक 3 इंची अक्षरांत असेल तर सीमा ओलांडताना तो 12 इंची लागतो. चिकटपट्टीनं तात्पुरती अक्षरं लावलेली कायद्याला चालतात. वाऱ्याला चालतात का, ते कडा किती घट्ट दाबल्या आहेत त्यावर. शिवाय कस्टम्सचं वार्षिक स्टिकर हवं, आणि विमा बहामापर्यंत पोचतो का हे पॉलिसीत वाचून घ्यायला हवं. भाड्याचं विमान असेल तर मालकाचं परवानगीपत्रही. मूल आई किंवा वडील यांपैकी एकाबरोबरच जात असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र बॅगेत असू द्यावं.

मराठी माणसाची गाडी आणखी एका जागी अडते. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावामागे वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव चिकटलेलं असतं. वैमानिकाच्या लायसन्सवर ते कधी असतं, कधी नसतं. प्रवाशांची यादी अमेरिकी कस्टम्सच्या ई-एपीआयएस या संगणकप्रणालीत भरताना पासपोर्टवर आहे तसंच अक्षर न् अक्षर लिहायचं. एच-वन-बीवाल्यांनी तर आधी स्वतःचा व्हिसा बघावा. व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असली तरी कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीनंतर परत शिरायची जी सवलत मिळते, ती त्यांना बहामाहून परतताना मिळत नाही. विमान स्वतःचं असलं म्हणून त्यात फरक पडत नाही.

ही यादी जाताना एकदा आणि येताना एकदा, सुटण्याच्या किमान 60 मिनिटं आधी पाठवावी लागते. खातं उघडायलाच काही दिवस जाऊ शकतात. परतीची यादी निघण्यापूर्वी घरूनच भरून ठेवावी. बेटावर नेट शोधत फिरण्यापेक्षा ते सोपं.

आता पाणी. इंजिन बंद पडलं तर 172 दर हजार फुटांमागे साधारण दीड सागरी मैल तरंगत जातं. 7,500 फुटांवरून 11 मैल. दोन्ही किनाऱ्यांकडचे 11-11 वजा केले तर मधे 23 मैल उरतात, जिथून जमीन गाठता येत नाही. 9,500 वर चढलं की ते 17 होतात. दोन हजार फुटांच्या चढाईला लागतं ते पेट्रोल काहीच नाही, आणि बारा-तेरा मिनिटांची धाकधूक नऊवर येते. तरी लोक ‘एवढंसं तर अंतर’ म्हणून खालूनच जातात. लाइफ जॅकेट प्रत्येकाला एक, आणि ते अंगात घातलेलं. मागच्या डिकीत पिशव्यांखाली असलेलं जॅकेट नसल्यासारखंच. ते फुगवायचं बाहेर पडल्यावर. आत फुगवलं की माणूस छतापाशी अडकतो आणि पाणी भरलेल्या केबिनच्या दारातून खाली वाकून निघता येत नाही. पाण्यावर उतरण्याआधी दारं किलकिली करायची, कारण आपटल्यावर चौकट वाकली तर ती उघडत नाहीत.

सुटे प्लग, एक ट्यूब आणि तेलाचे दोन डबे सोबत असावेत. छोट्या बेटावर मेकॅनिक मिळेलच असं नाही. 1930 साली भारत-इंग्लंड अंतर एकट्यानं उडण्याच्या आगाखान बक्षिसासाठी जेआरडी टाटा कराचीहून इंग्लंडकडे आणि अस्पी इंजिनिअर नावाचे दुसरे वैमानिक उलट दिशेनं निघाले होते. इजिप्तमध्ये गाठ पडली तेव्हा अस्पी प्लगवाचून अडले होते. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग दिले आणि अस्पी जिंकले. समोरून जेआरडी येतील या भरवशावर मात्र निघू नये.

फ्लाइट प्लॅन भरणं हे सक्तीचं काम. हवाई संरक्षण पट्ट्यातून परत येताना रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावरचा नेहमीचा 1200 कोड चालत नाही. शिरण्यापूर्वी नियंत्रकाकडून आपल्यापुरता वेगळा कोड घ्यायचा. बहामात रात्री दृश्य नियमांनी, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघत, उडता येत नाही, त्यामुळे सूर्यास्ताचा हिशोब दुपारीच करायचा.

खरी गोम परतीच्या वेळेत आहे. उतरायचं कस्टम्स असलेल्या विमानतळावरच: फोर्ट पीअर्स, ओपा-लोका, किंवा निघालो तोच एक्झिक्युटिव्ह. तिथे किमान तासभर आधी फोन करून आपण किती वाजता टेकणार ते सांगायचं आणि ज्यानं फोन घेतला त्या अधिकाऱ्याची आद्याक्षरं लिहून ठेवायची. ई-एपीआयएस भरलं म्हणजे फोन झाला, हा सगळ्यात महागडा गैरसमज. चुकीला पहिल्या खेपेस 5,000 डॉलरपर्यंत दंड, पुढच्या खेपेस 10,000. त्यात इथले व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात. जाताना समोरून येतात, येताना पाठीशी असतात. जातानाचीच मिनिटं धरून वेळ सांगितली की माणूस लवकर पोचतो, आणि लवकर पोचणं हाही गुन्हाच. तेव्हा किनाऱ्याअलीकडे थोडा वेग कमी करावा. उन्हाळ्यात दुपारी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर गडगडाटी ढग उभे राहतात आणि उलटी, म्हणजे उशिराची, अडचण होते. अशा वेळी रेडिओवरून नियंत्रकाला सांगून नवी वेळ कस्टम्सला कळवायची.

उतरल्यावर इंजिन बंद, आणि सगळे जागेवर. अधिकारी येईपर्यंत पाय मोकळे करायलाही खाली उतरायचं नाही. काचेच्या केबिनमध्ये जॅकेटाच्या आत घामाची धार लागते. बिमिनीत घेतलेली केळी उरली असतील तर ती पलीकडेच संपवलेली बरी, सालींसकट. विमानात राहिलेल्या सालीचंही उत्तर द्यावं लागतं.